चिकट म्हणायचं की काटकसरी

५ जानेवारी, रविवार

समीक्षाने ही डायरी आणून दिली. तिच्या ऑफिसात वाटतात म्हणे. "आजी, तू दिवसभर बडबडतेस ना, ती इथे बडबड. बाबांच्या डोक्याला तेवढाच आराम." सुदेशची पोरगी आहे, बापाची बाजू घेणारच.

मी तिसरीपर्यंत शिकले. चौथीत गेले आणि आईला आणखी एक बाळ झालं, माझी पाटी माळ्यावर गेली. पण वाचायला येतं. वर्तकनगरच्या नाक्यावरच्या सगळ्या पाट्या मी वाचते. रिक्षाच्या पाठी लिहिलेलंही वाचते, त्यात कधीकधी चांगलं असतं.

डायरी आजच सुरू करायचं कारण, मोहन्याहून रवींद्रचा फोन आला. रवींद्र म्हणजे माझ्या मोठ्या जाऊचा मुलगा. तिचं नाव गंगुबाई, मी आक्का म्हणते. आक्काचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलंय. एक्याऐंशीचं वय झालं की माणसाने हजार पुनवा बघितल्या असं धरतात. आक्काने एक तरी बघितली का देव जाणे, तिचं लक्ष कायम दुधाकडे. ते उतू गेलं तर चंद्राने भरून थोडंच दिलं असतं!

तर त्या दिवशी एक छोटं पुस्तक छापायचंय. घरच्या प्रत्येकाने आक्काच्या आठवणींचं एक पान द्यायचं. रवींद्र म्हणाला, "काकी, तुम्ही नुसतं सांगा, समीक्षा लिहील."

मी म्हटलं, "का रे? माझे हात काय भाड्याने दिलेत? मीच लिहिणार."

मला इतका आनंद झाला की दुपारची झोपच आली नाही. माझं नाव छापून येणार. आतापर्यंत फक्त रेशनकार्डावर आलंय.

८ जानेवारी

लिहायला बसले. "आक्का फार चांगली आहे." झालं. पुढे काय?

समीक्षाने मान वाकडी करून वाचलं. "आजी, भावना येऊ दे ना त्यात."

"म्हणजे काय करू?"

"तुला काय वाटलं ते लिही."

मग लिहिलं. मला फार बरं वाटलं. मला फार वाईट वाटलं. मला खूप आनंद झाला. मोठ्याने वाचून बघितलं, तर बिनमिठाची पेज. मला खरंच वाटलं होतं हो ते सगळं! मग कागदावर आल्यावर जातं कुठे? हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. सोलकढीत नारळ कमी पडला तर कळतं, शब्दात काय कमी पडलं ते कसं कळायचं?

उद्या परत बसते. मटार सोलायचे आहेत.

१० जानेवारी

गोंधळ झालाय. रवींद्रचा फोन आला, आवाज अगदी बसलेला.

झालं असं. बाकीच्यांची पानं आली. आक्काला मोतीबिंदूमुळे वाचता येत नाही, म्हणून रवींद्रने हौसेने तिला ती वाचून दाखवली. तिचा भाचा प्रीतम, दोघी नणंदा, सुना, सगळ्यांची. आक्का खाटेवर बसून शांतपणे ऐकत होती. पाचवं पान संपल्यावर तिने विचारलं, "कोण गेली रे?"

रवींद्र म्हणाला, "आई, अगं तुझ्यावरच लिहिलंय."

"माझ्यावर? मला पोचवून आलात वाटतं सगळे?"

आणि सांगून टाकलं, कार्यक्रमाला मी येणार नाही, हॉलवाल्याला कळव. कालपासून ती कुणाशी नीट बोलत नाही. सुनेने विचारलं, कढी करू का, तर म्हणाली, "मेलेल्या माणसाला काय कढी आणि काय आमटी."

मी आधी पोट धरून हसले. मग रवींद्रने ती पानं समीक्षाच्या फोनवर पाठवली, ती वाचली. मायाळू, कष्टाळू, मनमिळाऊ, त्यागमूर्ती. त्यांनी कुटुंबासाठी देह झिजवला. त्यांच्या आठवणींचा सुगंध आमच्या मनात सदैव दरवळत राहील. प्रीतमने तर कुठूनतरी तयारच उचललंय, "अशी माणसे पुन्हा होणे नाही."

संध्याकाळी भाजी आणायला गेले तर नाक्यावर नवा फ्लेक्स लागलेला. कोणा नगरसेवकाच्या चुलत्याचा. भावपूर्ण श्रद्धांजली. मी पिशवी घेऊन उभी राहिले आणि वाचलं. मायाळू, कष्टाळू, मनमिळाऊ. तेच सगळे! त्या बिचाऱ्या माणसाचं आणि आमच्या आक्काचं कसं काय जुळलं?

भाजीवाला म्हणाला, "मावशी, ओळखीचे होते का?"

मी म्हटलं, "नाही रे बाबा, शब्द ओळखीचे आहेत."

आक्काचं चुकलं नाही. हे शब्द रोज कोणा ना कोणा मेलेल्याच्या अंगावर असतात. तेच काढून जिवंत बाईला नेसवले, तर ती चिडणार नाही का?

११ जानेवारी

आज मर्सीकडे बसले होते. मर्सी आमच्याच मजल्यावर राहते, ख्रिस्ती आहे, माहेर वसईकडचं. कोलंबी सोलत होती. मी म्हटलं, मर्सी, मी तुला एकेक शब्द सांगते, तू मला सांग मनात काय आलं.

"परीक्षा आहे का?"

"हो, पण माझी."

म्हटलं, "आमची आक्का स्पष्टवक्ती आहे."

मर्सी म्हणाली, "शाळेत बाई होती काय?" आणि पुढची कोलंबी घेतली.

म्हटलं, "आमची आक्का फटकळ आहे."

मर्सीने सुरी खाली ठेवली. डोळे चमकले. "कोणाला काय बोलली?"

मग म्हटलं, "काटकसरी आहे." मर्सी म्हणाली, "चांगलं असतं ते." म्हटलं, "चिकट आहे." मर्सी म्हणाली, "म्हणजे कशी? माझ्या सासूसारखी? ती उदबत्तीची राख भांडी घासायला ठेवायची."

"आमची आक्का काडेपेटीची काडी मधे चिरून दोन करायची!"

"जा गं!"

मग तासभर आम्ही दोघी नुसत्या हसत होतो. कोलंबी तशीच राहिली, तिचा नवरा लिनो येऊन ओरडला तेव्हा उठलो.

मला हे फार नवल वाटलं. छान शब्द ऐकला की माणूस मान हलवतं आणि गप्प बसतं. दुसरा ऐकला की विचारतं, म्हणजे काय केलं तिने? रविवारी मासळीवाल्या बाईवरही करून बघणार आहे.

१४ जानेवारी, संक्रांत

आक्काला फोन केला. "तिळगूळ घ्या, गोड बोला."

"गोड बोलणं डब्यात भर आणि झाकण लाव. तुझं पान आलं नाही अजून. सगळ्यांनी घातलं, तू कधी घालतेस माझं श्राद्ध?"

"आक्का, ये ना गं कार्यक्रमाला."

"गुडघे दुखतात."

तिचे गुडघे माझ्यापेक्षा चांगले आहेत. परवाच सुनेला शोधत दोन जिने चढून गच्चीवर गेली होती. मग म्हणाली, "शेवंते, तेवढी लोकं एकदम बघायला येतात ती कधी येतात, मला ठाऊक नाही का?"

मी म्हटलं, "लग्नाला येतात." तिने फोन ठेवला की मधेच तुटला, कळलंच नाही. मोहन्याला रेंज नसते.

१९ जानेवारी

पान झालं! चार दिवस लागले, पण झालं. शब्द शोधायचे नाहीत, आक्काने काय केलं आणि ती काय बोलली तेवढंच उतरवायचं असं ठरवलं. मग हात थांबेचना.

लग्न होऊन मी मोहन्याच्या चाळीत आले तेव्हा सतरा वर्षांची होते. दोघे भाऊ रेयॉनच्या कंपनीत, एकाच पाळीला. पहिल्या दिवशी मी भात करपवला. आक्का म्हणाली, "मेले, आईने तुला भात शिकवला की कोळसा पाडायला?" आणि करपलेला सगळा स्वतःच्या ताटात घेतला, चांगला वरचा पुरुषांना आणि मला वाढला. वर आणखी म्हणाली, "टाकायचा नाही. अन्न आहे." ते लिहिलं. काडेपेटीचंही लिहिलं. सुदेशच्या वेळेला मला उलट्या व्हायच्या, तेव्हा ती रोज म्हणायची, "नखरे पुरे," आणि रोज कुठून तरी कैरी आणायची. जानेवारीत! अजून मला माहीत नाही कुठून. तेही लिहिलं.

फटकळ लिहिलं, चिकट लिहिलं, हट्टी लिहिलं. समीक्षाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आजी, मला मोठ्या आजीला आत्ता भेटायला जावंसं वाटतंय." मग मीच खूश होऊन लाडू खाल्ला. साखरेचं बघू उद्या.

२२ जानेवारी

रवींद्रने माझं पान सुधारून परत पाठवलं. बिचाऱ्याने मेहनत केली आहे, टाइप वगैरे छान. पण वाचलं तर मला आक्का कुठे सापडेना.

फटकळचं स्पष्टवक्त्या झालंय. हट्टीचं बाणेदार. चिकटचं काटकसरी. आणि भाताचं काय केलं असेल? "त्यांनी मला स्वयंपाकाबाबत मोलाचे मार्गदर्शन केले." कैरीचं वाक्य काढूनच टाकलं, जागा पुरत नाही म्हणे.

फोन केला. "रवी, ही कोण बाई लिहिली आहेस? शाळेत बक्षीस वाटायला येते तशी?"

"काकी, हॉलमध्ये दीडशे माणूस येणार. माझ्या सुनेच्या माहेरची येणार. त्यांच्यापुढे आईला चिकट म्हणायचं का आपण?"

"पण ती आहे."

"आहे, पण छापतात का?"

"मग काय छापतात?"

"चांगलं ते छापतात."

"अरे, मी चांगलंच लिहिलंय!"

तो म्हणाला, "तसंही ती येणार नाही म्हणतेय. कोणासाठी भांडताय?"

ते मात्र लागलं मला. आमच्या ह्यांना मी काही सांगायच्या आत ते गेले. कंपनीतून आले, पाणी मागितलं, पाणी आणेपर्यंत संपलं. त्यांना सांगायचं होतं ते आता कोणाला सांगू? ते असो. आक्काचे कान अजून शाबूत आहेत.

२५ जानेवारी

रवींद्र म्हणतो, बाकीचे शब्द ठेवतो, एक चिकट तेवढा काढा, मधला मार्ग. मी हो म्हणणार होते. वाटाणे शिजत घातले आणि विचार केला, एका शब्दाने काय जातंय. पण मन हो म्हणेना. का म्हणेना ते आत्ता कुकरची शिट्टी होताना कळलं. ते लिहून ठेवते.

हे गेले तेव्हा सुदेश पाचवीत होता. चाळीतल्या बायका जमल्या. म्हाताऱ्या होत्या त्या म्हणाल्या, बांगड्या वाढवायला हव्यात. आमच्यात फोडायच्या म्हणत नाहीत, वाढवायच्या म्हणतात. एकीने वरवंटा आणला. माझा हात कोणीतरी जमिनीवर धरला. मला काही कळत नव्हतं, मी पाण्याच्या तांब्याकडे बघत होते.

आक्का आतून आली. तिने माझं मनगट धरून वर उचललं आणि म्हणाली, "फोडायच्या नाहीत. चार दिवस झाले भरून. नव्या आहेत, पैसे पडलेत त्याला. कोणाला फोडायच्या असतील तर आपापल्या फोडा."

त्यातली एक म्हणाली, "बाई गं, काय हा चिकटपणा! दिराचं प्रेत दारात आहे." पुढे कितीतरी वर्षं चाळीत तेच नाव पडलं होतं तिचं. मेल्या दिराच्या बायकोच्या बांगड्यांचे पैसे मोजणारी. ती पण कधी काही बोलली नाही. मलासुद्धा त्या वेळी वाटलं होतं, आता तरी पैशाचं काढायचं नव्हतं हिने.

पण बांगड्या राहिल्या. त्या झिजल्यावर तिनेच दुसऱ्या भरायला नेलं. अजून माझ्या हातात असतात.

आता सांगा, इथे काटकसरी लिहिलं तर काय होईल? काटकसरी बाई वरवंटा आपल्या घरातला आहे का तेवढं बघेल आणि बांगड्या फोडू देईल. चिकट बाईच देणार नाही.

रवींद्रला फोन करून एवढंच सांगितलं, "चिकट राहणार. आणि पान मोठं होणार."

३० जानेवारी

आज एकटी मोहन्याला जाऊन आले. आंबिवलीला उतरून शेअर रिक्षा. समीक्षा म्हणत होती रविवारी सोडते, पण मला धीर नव्हता. पान पिशवीत, आणि मर्सीने आक्कासाठी दिलेल्या नानकटाया.

आक्का खिडकीपाशी बसली होती. पूर्वी तिथून कंपनीचं धुराडं दिसायचं. "आलीस? वाच. मी मेलेय असं समजून वाच."

मी वाचलं. भाताचं आलं तेव्हा म्हणाली, "कोळसा नव्हे, मी डांबर म्हणाले होते." कैरीचं आलं तेव्हा नाक उडवलं. मी विचारलं, कुठून आणायचीस गं? तर म्हणाली, "तुला काय करायचंय?" फटकळला हूं केलं. चिकटला काही केलं नाही.

मग बांगड्यांचं आलं. मी शेवटपर्यंत एका दमात वाचलं. मला वाटलं आता ही रडेल, किंवा शिव्या देईल.

आक्का म्हणाली, "खोटं लिहिलंयस."

"काय खोटं?"

"नव्या म्हणून लिहिलंयस. नव्या कुठल्या? जुन्याच होत्या. दिवाळीपासून घालत होतीस. दोन तर तडकलेल्या."

माझ्याच हातातल्या बांगड्या, आणि मला ठाऊक नाही! ती नव्या म्हणाली, मी इतकी वर्षं नव्याच धरून चालले.

"मग तू नव्या का म्हणालीस?"

"मग काय म्हणायला हवं होतं?" ती माझ्यावरच डाफरली. "या पोरीला असं करू नका म्हटलं असतं तर ऐकलं असतं त्यांनी? उलट मलाच दोघींनी बाजूला धरलं असतं. पैशाचं काढलं की बायका तोंड वाकडं करतात, पण हात मागे घेतात."

"आणि तुला लोक काय काय बोलले..."

"बोलतात. बोलून कोणाचं मनगट कापत नाही."

मी डबा उघडून तिला नानकटाई दिली. तिने निम्मी मोडून निम्मी परत ठेवली, उद्याला. खाताना म्हणाली, "रवीला सांग, ते चिकट काढायचं नाही. आणि जुन्या म्हणून दुरुस्त कर. छापायचं तर खरं छाप."

मी निघाले तेव्हा चपला घालताना मागून आवाज आला, "हॉलला पंखे आहेत का गं?"

"आहेत."

"मग येते. नाहीतर तू तिथे माईक हातात घेऊन आणखी काय काय वाचशील, तुझा भरवसा नाही."

परत येताना रिक्षावाल्याला मी दोनदा चुकीचं स्टेशन सांगितलं. विठ्ठलवाडी म्हटलं. कुठे विठ्ठलवाडी, कुठे मी. तो म्हणाला, "आजी, आज फार खुशीत दिसता."

९ फेब्रुवारी, रविवार

झाला कार्यक्रम. पाय सुजलेत, पण आज लिहिलं नाही तर उद्या शिळं होईल.

आक्का मोरपिशी नऊवारी नेसून आली. तबकभर दिवे लावून ओवाळलं, तेव्हा तिने तेल किती घातलंय ते वाकून बघितलं, सगळ्या हॉलने बघितलं ते. प्रीतमने त्याचं पान स्वतःच बदललं होतं, आता त्यात आक्काने त्याचा पतंग चुलीत घातला त्याची गोष्ट होती. फार छान होती. मला वाटतं मर्सीने नाही तरी कोणीतरी त्याला विचारलं असेल, म्हणजे काय केलं तिने?

मग माझा नंबर. माईक चिकचिक वाजत होता. डांबर म्हटलं तेव्हा हॉल हसला. रवींद्रच्या सुनेच्या माहेरची सर्वांत जास्त हसली, रवींद्र उगाच घाबरत होता. चिकट म्हटलं तेव्हा तर टाळ्या. आक्का समोरच्या खुर्चीत दगडासारखी बसलेली.

बांगड्यांपाशी आले. वरवंटा आला, 'नव्या आहेत' आलं, बायका काय म्हणाल्या ते आलं. हॉलमध्ये नुसते पंखे ऐकू येत होते. मग पुढची ओळ होती, "त्या बांगड्या जुन्याच होत्या." एवढीच. ती वाचली आणि माझा आवाज गेला. खरंच गेला. अक्षरं दिसत होती, चष्मा लावलेला होता, पण पुढचा शब्द तोंडातून येईना. समीक्षा पाणी घेऊन उठली. रवींद्र माईक घ्यायला पुढे आला.

आक्का खुर्चीतून म्हणाली, माईक नसताना मागच्या रांगेपर्यंत गेलं, "त्याला देऊ नको. तो सुधारून वाचेल. तूच वाच. मी ऐकतेय."

मग मी वाचलं. "बायका गेल्यावर आक्काने भात लावला. मला म्हणाली, जेव, सकाळी पोराला शाळेत पाठवायचंय. मी म्हटलं, घास उतरत नाही. ती म्हणाली, मीठ कमी आहे का? आणि मीठ आणायला उठली."

तिथेच माझं पान संपतं. खाली येऊन मी तिच्या शेजारी बसले. तिने माझ्याकडे बघितलं नाही, नुसता माझा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि बांगड्या पुढेमागे करत बसली, जेवणाची पंगत बसेपर्यंत.

पण एक कोडं आहे. त्या शेवटच्या ओळींत रडायचा एकही शब्द नाही, मी घरी येऊन परत तपासलं. भात आहे, शाळा आहे, मीठ आहे. तरी समीक्षा रडली, सुदेश रडला, तो कॅटरिंगचा माणूससुद्धा ताटं घेऊन दारात उभा राहिला होता. कशाने रडले? उद्या सकाळी समीक्षाला विचारते, बहुतेक मिठाने असेल.